वॉर्डात 75, घरात 50 : एका पुनर्वसनाचं प्रकरण

रुग्ण 64 वर्षांच्या गृहिणी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांना इथे काकू म्हटलं आहे. घरात पती (अण्णा), सून आणि शाळकरी नात. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, दर शनिवारी गावी येणारा. मधुमेह आणि रक्तदाब जुनेच. एका पहाटे उठताना डावा हात-पाय हलेना. ‘अंगावरून वारं गेलंय, जरा पडून राहू दे’ असं म्हणत दुपार झाली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे तो रस्ता बंद झाला होता. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला दिसला. शहरातल्या रुग्णालयात उपचार झाले, तिथल्याच पुनर्वसन विभागात काही आठवडे व्यायाम झाला, आणि काकू चार पायांची काठी घेऊन चालत घरी गेल्या.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आपल्याकडे या विषयाचं शिक्षण 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं, तरी ‘म्हणजे फिजिओच ना?’ हा प्रश्न आजही येतो. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः पाय, सांधे, तोल, ताकद यांवर काम करतात. माझं काम त्या हातापायांनी माणूस रोजचं काय काय करू शकतो ते पाहण्याचं : आंघोळ, कपडे, संडास, जेवण, स्वयंपाक.

या कामांचं मोजमाप करायला आम्ही बार्थेल निर्देशांक वापरतो. 1965 साली प्रसिद्ध झालेली ही मोजपट्टी आहे. रोजची दहा कामं, एकूण 100 गुण. रुग्णालयातून निघताना काकूंना 75 गुण होते. जेवताना थोडी मदत, कपड्यांना मदत, चालताना कुणीतरी सोबत, जिन्यावर आधार, आंघोळ पूर्ण दुसऱ्यानं घालायची. बाकी सगळं त्यांचं त्या करत होत्या. कमोडवर एकट्या बसत-उठत होत्या, बेसिनपाशी दात घासत होत्या.

घरी गेल्यावर महिन्याभरात सुनेचा फोन आला. ‘ताई, आई दिवसभर दिवाणावरच असतात. खांदा धरलाय. पाणी प्यायला मागत नाहीत. दवाखान्यात होत्या त्याच्या निम्म्यानंही नाहीत.’ घरी जाऊन तीच मोजपट्टी लावली तर गुण आले 50.

स्नायूंची तपासणी केली. पायाची ताकद जशीच्या तशी होती. डाव्या हाताची मूठ वळत होती, सावकाश का होईना उघडतही होती. नवा झटका आल्याचं कोणतंही लक्षण नव्हतं. शरीर घसरलं नव्हतं आणि तरी 25 गुण गेले होते. कुठे गेले ते शोधणं अवघड नव्हतं : दात-तोंड 5, लघवी 5, संडास 5, उठणं-बसणं 5, पायऱ्या 5. ही पाचही कामं भिंती, उंची आणि अंतराशी बांधलेली आहेत. म्हणून काकूंना बाजूला ठेवून आधी घर तपासायला घेतलं.

घर

जुनं, मातीच्या भिंतींचं घर. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, त्याच्याच कोपऱ्यात मोरी, मागचं दार, तीन दगडी पायऱ्या, परसू आणि परसाच्या टोकाला संडास. प्रत्येक खोलीला सागवानी उंबरा, सहा इंच उंच. पायऱ्या आठ-आठ इंचांच्या. संडासात खाली बसायचं भांडं.

दुखणेकऱ्याला सोप्यात ठेवायची रीत आहे. भेटायला येणारे बाहेरच्या बाहेर भेटतात, हवा खेळती असते, घरच्यांचं लक्ष राहतं. दिवाण सोप्यात मांडला होता, जेमतेम चौदा इंच उंच, उजवी बाजू भिंतीला टेकवून. शेजारी पडदा लावून कमोड खुर्ची. यामागे माया होती आणि पैसेही खर्च झाले होते, हे आधी लिहायला हवं. कारण पुढे जे घडलं ते निष्काळजीपणातून घडलेलं नाही.

दिवाण बुटका, म्हणून उठायला जोर जास्त लागणार. उजवीकडे भिंत, म्हणून उतरायचं ते डाव्या, लुळ्या बाजूनं. ते एकट्यानं जमेना, म्हणून सून किंवा अण्णा हात धरून उठवणार, आणि समोर येतो तो डावाच हात. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. असा हात ओढला की सांध्यावर ताण येतो. खांदा दुखायला लागला तसा काकूंनी हात पोटाशी धरून ठेवला, आणि उघडणारी मूठ वापराविना पडून राहिली. ‘पक्षाघातामुळे खांदा धरला’ असं घरचे म्हणत होते. या घरात तो दिवाणाच्या उंचीमुळे आणि भिंतीच्या बाजूमुळे धरला होता.

पाणी न पिण्याचं कारण काकूंनी स्वतः सांगितलं, सून चहा करायला आत गेल्यावर. ‘पडद्याआड बसायचं, आणि बाहेर माणसं बसलेली. त्यापेक्षा पाणीच नको.’ लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता आणि दोनदा अंथरूण ओलं होणं, हे सगळं त्यातूनच आलेलं होतं.

ताटाची डावी बाजू

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळ्यांना दिसतं, पण ती बाजू जणू जगात नसते. काकूंना हे होतं. वॉर्डात त्या डावीकडच्या पानावरचा मजकूर वाचायच्या नाहीत, पण तिथलं जेवण खणांच्या स्टीलच्या थाळीत यायचं आणि परिचारिका थाळी फिरवून द्यायच्या, त्यामुळे फार अडलं नाही.

घरी अण्णांनी सांगितलं, ‘हिची चवच गेली. चटणीशिवाय घास न उचलणारी बाई, आता चटणीला हात लावत नाही.’ आपलं ताट कसं वाढतात ते आठवा. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे. भाजी आणि आमटी उजवीकडे. चव शाबूत होती. ताटाची डावी बाजू त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. सुनेनं ताट थोडं उजवीकडे सरकवलं, डाव्या कडेला लाल रंगाची पट्टी चिकटवली आणि ‘आई, आधी लाल शोधा, मग जेवा’ असं सांगायला सुरुवात केली. चटणी संपू लागली. अशी ठळक खूण डाव्या कडेला ठेवणं ही जुनी, सोपी युक्ती आहे. पुढे तीच लाल पट्टी दाराच्या डाव्या चौकटीला, मोरीच्या कडेला आणि गॅसच्या डाव्या टोकाला लावली.

जास्त अवघड आणि जास्त सोपं

लॉटन आणि नाहेमाऊ या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1973 मध्ये वार्धक्याच्या संदर्भात एक मांडणी केली. परिसर माणसाकडे सतत काहीतरी मागत असतो. मागणी कुवतीच्या फार वर गेली की माणूस कोलमडतो. पण ती फार खाली गेली, तरीही तो खालावतो, कारण असलेली कुवत वापरायची वेळच येत नाही. या मांडणीचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही, आणि काकूंच्या घरात तोच जास्त महत्त्वाचा होता. संडासापर्यंतची वाट त्यांच्या कुवतीबाहेर होती. सोप्यातला दिवाण त्यांच्याकडून काहीच मागत नव्हता. पाणी हातात, जेवण हातात, कमोड उशाशी. एकाच घरात दोन्ही टोकं होती, आणि मधलं, म्हणजे थोडे कष्ट पडतील पण जमेल असं, काहीच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्ये अपंगत्वाच्या वर्गीकरणात परिसर हा घटक अधिकृतपणे घेतला, अडथळा म्हणून आणि आधार म्हणूनही. तरी डिस्चार्जच्या कागदावर आजही ‘कमोड : स्वतंत्र’ एवढंच लिहिलं जातं. कोणत्या उंचीचं कमोड, दांडी कोणत्या बाजूला, खोलीपासून किती पावलांवर, हे लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. ते लिहिल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

काय बदललं

सुरुवात काकूंच्या इच्छेपासून केली. त्यांना विचारलं, काय एकटीनं करता यायला हवं? संडासला जाणं, हे लगेच आलं. थोडं थांबून म्हणाल्या, ‘संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायचा. आणि चहा माझ्या हातचा.’ चालण्याचा वेग, हाताची पकड यांतलं काहीही त्यांच्या यादीत नव्हतं.

दिवाण माजघरात हलवला. सोप्यातला उंबरा वाटेतून गेला आणि मागचं दार जवळ आलं. पायांखाली खाचेचे लाकडी ठोकळे बसवून उंची अठरा इंच केली, गुडघ्याच्या खाचेइतकी. दिवाण फिरवून डावी बाजू भिंतीकडे घेतली; आता उतरायचं ते उजव्या, भक्कम बाजूनं. यावर मुलानं रास्त शंका काढली : डावीकडे लक्ष जात नाही तर सगळं डावीकडून व्हायला नको का? त्यासाठी दिवसा बसायची खुर्ची वेगळी मांडली, माजघराचं दार, टीव्ही आणि येणारी-जाणारी माणसं तिच्या डाव्या हाताला येतील अशी. झोपेतून उठताना सुरक्षितता हवी, जाग असताना डावीकडचा सराव हवा. दोन्ही कामं एकाच पलंगाकडून करून घ्यायला गेलं की माणूस पडतो.

उंबरा कापायचा विषय निघाला आणि अण्णांनी तो तिथेच थांबवला. ‘उंबऱ्याला रोज हळदकुंकू वाहते ती. उंबरा कापायचा नाही.’ मला ते पटलं. घर सोयीचं करताना ते त्यांचंच राहायला हवं. सुतारानं माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना तीन इंच उंचीचे, पूर्ण पाऊल मावेल असे पाट ठोकून बसवले. सहा इंचांची एक पायरी तीन-तीनच्या दोन झाल्या. चौकटीला उभी लाकडी मूठ बसवली, दोन्ही बाजूंनी, कारण जाताना जी उजवी ती येताना डावी होते.

परसातल्या पायऱ्यांच्या जागी उतार करावा, असं घरच्यांना वाटत होतं. उताराचं प्रमाण 1 ला 12 ठेवतात. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तीन पायऱ्यांची मिळून उंची दोन फूट, म्हणजे उतार चोवीस फुटांचा. संडास दारापासून वीस फुटांवर! त्यापलीकडेही एक कारण होतं. उतार चाकाच्या खुर्चीसाठी उत्तम, पण घोट्यात ताठरपणा असलेल्या, काठीनं चालणाऱ्या माणसाला उतारावर पाऊल टेकवणं जड जातं. त्याला बुटक्या, रुंद पायऱ्या बऱ्या. गवंड्यानं आठ इंचांच्या तीनऐवजी चार इंचांच्या सहा पायऱ्या बांधल्या आणि दोन्ही बाजूंना जीआय पाइपचे कठडे केले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी, हे काकूंना वॉर्डात शिकवलेलंच होतं. वापरायला अशी जिना-वाट मिळाली नव्हती.

संडासात जुन्या भांड्यावर ठेवायचा, मधे भोक असलेला स्टीलचा स्टूल आणला. पकडायची दांडी भिंतीत बसवायला गेलो तर खिळा हातानं निघून आला. मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, आणि अर्धवट धरलेली दांडी नसलेल्या दांडीपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विश्वास टाकतो. वेल्डरनं पाइपची चौकट करून तिचे पाय जमिनीत काँक्रीटमध्ये गाडले. नळ आणि मग उजवीकडे घेतला. दार बाहेर उघडणारं केलं; आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदत पोहोचत नाही. दिव्याचं बटण माजघरात आणि संडासात असं दोन्हीकडे, शिवाय वीज गेली तर पेटणारा चार्जिंगचा बल्ब.

मोरीत प्लास्टिकची खुर्ची होती. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात, म्हणून ती काढून रबरी टोप्यांचा लोखंडी स्टूल दिला. बादली छोट्या कट्ट्यावर ठेवली, वाकावं लागू नये म्हणून. डाव्या हाताला ऊन-गार नीट कळत नाही, त्यामुळे बंबाचं पाणी अण्णांनीच विसणून ठेवायचं, आणि काकूंनी अंगावर घेण्याआधी उजव्या हातानं बघायचं, असा नियम केला.

स्वयंपाकघर

इथे मात्र परिसर उलट बाजूनं बोलला. रुग्णालयात सरावासाठी एक स्वयंपाकघर होतं. स्वच्छ ओटा, नवी शेगडी, सारख्या झाकणांचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. तिथे काकूंना चहा करायला सांगितला तेव्हा त्या डबे उघडत राहिल्या, साखर सापडली नाही, दुधाआधी पावडर टाकली आणि डावीकडचा बर्नर तसाच चालू ठेवून वळल्या. नोंद झाली : ‘स्वयंपाक असुरक्षित, एकटीनं करू देऊ नये.’ ती नोंद त्या खोलीपुरती बरोबर होती.

घरच्या स्वयंपाकघरात नेलं तर तिथेही त्या गोंधळल्या. आणि मग कळलं की सुनेनं त्या रुग्णालयात असताना सगळं नव्यानं लावलं होतं, आईंना सोपं जावं म्हणून. आम्ही दोघींनी मिळून डबे होते तसे परत लावले. चहाचा तो काळपट पितळी डबा खिडकीखाली, साखर त्याच्या मागे, आलं टोपलीत, चिमटा खिळ्याला. काकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि डब्याकडे न बघता हात बरोबर तिथे गेला. चाळीस वर्षांची सवय त्या हातात होती. लक्ष आणि स्मृती यांवर जो भार नव्या जागेत पडतो तो इथे पडतच नव्हता, त्यामुळे उरलेलं लक्ष डावीकडे द्यायला मोकळं राहिलं. शेगडी सरकवून उजव्या हाताला घेतली, रोज फक्त उजवा बर्नर वापरायचा ठरलं, आणि उठण्याआधी लाल पट्टीपर्यंत हात फिरवून दोन्ही बटणं बघायची. पहिले काही दिवस सून दाराशी उभी राहायची, न बोलता. न बोलणं तिला फार जड गेलं, हे तिनं सांगितलं.

भाजी चिरण्यासाठी रुग्णालयानं खिळे असलेला लाकडी पाट दिला होता. खिळ्यात बटाटा टोचायचा आणि एका हातानं सुरी चालवायची. काकूंनी तो एकदाही वापरला नाही. मी विळी आणायला सांगितली. विळीत पातं स्थिर असतं आणि भाजी हलते, म्हणजे एका हातानं काम करणाऱ्यासाठी ती मुळातच बरोबर रचलेली वस्तू आहे. अडचण होती जमिनीवर बसण्याची. अण्णांनी विळीचा पाट टेबलाला शिकंजानं आवळला. धोका एकच, लक्षात नसलेला डावा हात पात्याजवळ पडून राहण्याचा. म्हणून आधी डावा हात मांडीवरच्या फडक्यावर ठेवायचा, त्याच्याकडे बघायचं, मग भाजी. परातीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही. पीठ एका हातानं मळता येतं. भाकरी थापताना डावा हात परातीची कड धरून ठेवण्याचं काम करू लागला. दुखऱ्या खांद्याला व्यायामाच्या नावाखाली जे नको वाटायचं ते भाकरीसाठी चालू लागलं. भाकरी जाड व्हायची. नातीनं ती आवडीनं खाल्ली.

आज

तीन महिन्यांनी बार्थेल 85. गेलेले 25 परत आले, शिवाय जेवणाचे 5 आणि चालण्याचे 5 वर मिळाले. आंघोळीचा शून्य तसाच ठेवला आहे, कारण पाणी अण्णा विसणून देतात आणि ते तसंच राहायला हवं. कपड्यांत निऱ्यांना मदत लागते. गाऊन सोपा पडला असता, पण त्यांना लुगड्याशिवाय अंगणात यायचं नाही आणि तो प्रश्न त्यांचा आहे. तुळशीपाशी दिवा लागतो, वृंदावनाशेजारी रोवलेल्या पाइपला धरून.

पावसाळा हा वेगळा विषय आहे. आमच्या भागात जून-जुलैत परसाला शेवाळ धरतं आणि तेव्हा रात्री बाहेर जायचं नाही, कमोड खुर्ची माजघरात घ्यायची, असं ठरलं आहे. फक्त आता ती पडद्याआड नसून बंद दाराआड असते, आणि काकू पाणी पितात.

मध्ये त्या आठवडाभर मुलाकडे पुण्याला गेल्या. लिफ्टची इमारत, सपाट फरशी, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास; सगळं ‘दिव्यांगांना सोयीचं’. तिथे त्यांना बाथरूम सापडेना, कारण त्याचं दार पलंगाच्या डावीकडे होतं. चहा जमेना. मुलगा घाबरला, पुन्हा झटका आला का म्हणून. आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, कारण अचानक फरक पडला तर घराला दोष देण्याआधी मेंदू तपासायलाच हवा. तपासणीत नवं काही निघालं नाही. गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा काकूंनीच केला.

दिवाळीला सगळे पुण्यात जमणार आहेत. मुलाला यादी पाठवली आहे : पलंगाची उंची मोजून कळव, पलंग कोणत्या बाजूनं भिंतीला लागतो त्याचा फोटो पाठव, बाथरूमच्या चौकटीला डावीकडे लाल पट्टी लाव, आणि चहाचा पितळी डबा आईंबरोबर येऊ दे.